रोज तेवढाच उशीर

ज्या माणसाचे मी जन्मभर आभार मानत राहीन, त्याला आमच्या गल्लीतली सगळी मुलं ‘उशीरकाका’ म्हणायची. मुलंच कशाला, त्यांच्या आयाही म्हणायच्या, फक्त मागून. शाळेच्या पिवळ्या गाडीचे हे ड्रायव्हर. पन्नाशी उलटलेली, अंगाने सडपातळ, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि एका वाक्यात भागत असेल तर दुसरं खर्च करायचं नाही असं बोलणं. वेळापत्रकाप्रमाणे गाडी आमच्या फाटकाशी सात चाळीसला यायला हवी. ती यायची सात सत्तेचाळीसला. सोमवारी सत्तेचाळीस, मंगळवारी सत्तेचाळीस, फार तर एखाद्या दिवशी शेहेचाळीस किंवा अठ्ठेचाळीस. बाकीच्या आया मनगटावरची घड्याळं बघत धुसफुसत उभ्या असायच्या. मी धुसफुसत नसे. मी पंचेचाळीसला खाली उतरत असे.

माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. घरात तिला आम्ही माऊ म्हणतो. ती बोलायची, पण मोजकं, आणि तिला सगळं ठरल्या वेळी, ठरल्या जागी लागायचं. दूध निळ्याच पेल्यात, डावा मोजा आधी, जिना उतरताना कठड्याला हात लावायचा तो तिसऱ्या पायरीपासून. ठरलेलं मोडलं की ती जमिनीवर आडवी होऊन दोन्ही कानांवर हात दाबायची आणि किंचाळत राहायची. मग सबंध दिवस हातचा गेला. डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव दिलं होतं. नावाने आमच्या घरातला आरडाओरडा कमी झाला नाही, तेव्हा ते इथेही नको. दोन शाळांनी तिच्यापुढे हात टेकले होते. ही तिसरी. इथे ती टिकली याचं श्रेय तिच्या बाईंना आहेच, पण त्यांच्याआधी ते गाडीला आहे. सकाळ सरळ गेली की माऊचा दिवस सरळ जायचा, आणि सकाळ म्हणजे तिच्या लेखी ती पिवळी गाडी.

काका हे कसं जमवतात, ते मला एकदा योगायोगानेच कळलं. घरातला पाव संपला म्हणून मी सकाळी कोपऱ्यावरच्या बेकरीत गेले होते. परत येताना पाहते तर पाण्याच्या टाकीमागे शाळेची गाडी उभी. इंजिन बंद, आत मुलांचा दंगा आणि काका स्टिअरिंगवर हात ठेवून घड्याळाकडे बघत बसलेले.

“काका, गाडी बिघडली का?”

“नाही ताई. आज रस्ता मोकळा मिळाला. अजून चार मिनिटं आहेत.”

“मग या की लवकर. नाही तरी सगळे तुमच्या नावाने खडे फोडतात.”

“आज लवकर आलो तर उद्या कधी येणार, ते कुणाला कळणार?”

त्या दिवशी बहुधा माझ्या चेहऱ्यावरचं प्रश्नचिन्ह फारच मोठं असावं, कारण त्यांनी आणखी चार वाक्यं खर्च केली. शाळेचं वेळापत्रक वाहतूक बघणाऱ्या सरांनी बनवलं होतं, तेही सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या गाडीतून एक फेरी मारून. मुलं चढणार, दप्तरं अडकणार, कुणाचा डबा घरी राहणार, हे त्यात कुठेच नव्हतं. गॅरेजचं फाटक ठरलेल्या वेळेच्या आधी उघडत नाही. ते थोडं आधी उघडा म्हणून काकांनी दोनदा सांगून पाहिलं आणि दोन्ही वेळा ‘बघू’ हे उत्तर मिळालं. तेव्हा त्यांनी आपल्यापुरता हिशोब केला. गर्दीच्या दिवशीही ज्या वेळेला नक्की पोचता येतं, ती आपली वेळ. रस्ता मोकळा असेल तर टाकीमागे थांबायचं.

मी हे ऐकून नुसती हसले आणि पाव घेऊन घरी गेले. खरं तर मी टाळ्या वाजवायला हव्या होत्या, कारण माझी नोकरीच या गोष्टीवर चालते. मी बिस्किटांच्या कारखान्यात वजनाच्या विभागात काम करते. पुडे पट्ट्यावरून येतात, मी मधूनमधून पाच पुडे उचलते, काट्यावर ठेवते आणि यंत्र ठीक चाललंय की नाही ते सांगते. पण ते नंतर.

त्या वर्षी शाळेने गाड्यांमध्ये वेळ नोंदवणारी यंत्रं बसवली. महिनाभराने सरांनी पालकांना आकडे पाठवले. प्रत्येक गाडीपुढे एकच आकडा, महिन्याचा सरासरी उशीर. बाकीच्या गाड्यांपुढे दोन, तीन, एक. आमच्या काकांपुढे दहा. मग काय, आयांच्या हातात कोलीतच मिळालं. आठवड्याभरात काकांना आमच्या मार्गावरून काढलं आणि गॅरेजात गाड्या धुवायला आणि कुणी रजेवर गेलं तर बदली जायला ठेवलं.

नवा ड्रायव्हर तरुण, हसरा, मुलांना आवडणारा, आणि मुलं घेण्याचा क्रम रोज मनाला येईल तसा बदलणारा. पहिल्या सोमवारी तो नऊ मिनिटं आधीच आला आणि आम्ही खाली उतरेपर्यंत हॉर्न वाजवत राहिला. मंगळवारी चार मिनिटं उशिरा. बुधवारी बारा मिनिटं उशिरा. गुरुवारी आठ मिनिटं आधी. शुक्रवारी एक मिनिट उशिरा. आठवडा संपला तेव्हा सरांनी खुशीत सगळ्यांना कळवलं की या गाडीचा सरासरी उशीर आता शून्य आहे. हिशोब चोख होता. लवकरची मिनिटं आणि उशिराची मिनिटं एकमेकांना गिळून बसली होती.

माऊ सोमवारी हॉर्न ऐकून जिन्यातच आडवी झाली. मंगळवारी फाटकाशी. बुधवारी मी तिला उचलून गाडीत बसवलं, तर शाळेतून फोन आला की घेऊन जा. त्यानंतर तिने बूट घालायचंच सोडलं. बूट दिसले की पलंगाखाली जायची. तीन आठवडे ती घरी बसली आणि मी आणि नवरा आळीपाळीने रजा टाकत राहिलो. शेवटी बाईंनी हळू आवाजात सांगितलं की वर्गशिक्षिका म्हणून त्यांना वाईट वाटतं, पण या महिन्यात जमलं नाही तर मुलीची जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल. तिला घेईल अशी चौथी शाळा आमच्या शहरात नव्हती.

मी काकांचं घर शोधत गेले. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. दार काकूंनी उघडलं. काका गॅरेजातून यायचे होते.

“बसा ताई. ते सहा वीसला येतात,” काकू म्हणाल्या आणि चहा ठेवला. भिंतीवरच्या घड्याळात सहा वीस झाले तेव्हा काकूंनी वर न बघताच तिसरा कप काढला, आणि जिन्यावर पावलं वाजली. मला हसू आलं. त्याही हसल्या.

“हे पहिल्यापासून असे नाहीत हो,” त्या सांगू लागल्या. “आधी ट्रक चालवायचे. रविवारी येतो म्हणायचे आणि शुक्रवारीच दारात उभे. नाही तर थेट बुधवारी. मला वाटायचं, अपघातच झाला. चुलीवरचं उतरवायचं की ठेवायचं तेही कळायचं नाही. छातीत इतकं धडधडायला लागलं की शेवटी दवाखाना झाला.”

काका तोवर हात धुऊन येऊन बसले होते. त्यांनी कप उचलला. “डॉक्टर म्हणाले, यांना आराम हवा. मी म्हटलं, आराम कसला देणार, मी घरातच नसतो. मग विचार केला.” त्यांनी कप खाली ठेवला. “वाट बघायला माणसाची हरकत नसते, ताई. किती वेळ बघायची, ते माहीत हवं.”

ट्रक सोडून शाळेच्या गाडीवर त्यांनी कमी पगाराची नोकरी धरली ती अशी. मी माऊचं सांगितलं. ते ऐकताना त्यांचा चहा निवला. माझ्या मुलीसाठी ते टाकीमागे थांबत होते असं मुळीच नाही. ते सगळ्यांसाठीच थांबत होते. पण आपल्या थांबण्यावर कुणाचा अख्खा दिवस उभा होता, हे ऐकून त्यांनी मान खाली घातली. निघताना मी म्हटलं, “मी शाळेत बोलते.” ते म्हणाले, “भांडू नका. सर वाईट नाहीत.” माझा स्वभाव त्यांना बरोबर कळला होता.

मीटिंगला मुख्याध्यापिका होत्या, सर होते, चारपाच पालक होते आणि कोपऱ्यात नवा ड्रायव्हर बसला होता. काका दाराशी उभे होते. भांडायचं नाही असं मी तीनदा मनाशी घोकलं आणि फळ्याकडे गेले. सरांच्याच यंत्रातले आकडे घेतले होते. आधी काकांचा महिना मांडला. सातवर ठिपका, सातवर ठिपका, पुन्हा सातवर. ठिपक्यांचा एक मनोराच उभा राहिला. मग मी उजवीकडे पार फळ्याच्या कडेला गेले आणि सदुसष्टवर एकच ठिपका काढला.

“हा कुठला?” मुख्याध्यापिकांनी विचारलं.

“रस्त्यावर झाड पडलं होतं, तो दिवस.” माऊला त्या दिवशी ताप होता, म्हणून आम्ही त्यातून सुटलो होतो. “वीस दिवसांची सरासरी काढली की हा एकटा ठिपका तिला सातावरून ओढून दहावर नेतो. पण दहा मिनिटं उशीर असा एकही दिवस नाही. सगळे दिवस लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत उभे करा आणि मधोमध कोण उभा आहे ते बघा. सात आहे. झाड पडो की घर पडो, मधला तिथेच राहतो.”

मग खाली दुसरी ओळ आखली आणि नव्या ड्रायव्हरचा पहिला आठवडा मांडला. शून्याच्या डावीकडे नऊ, उजवीकडे चार, उजवीकडे बारा, डावीकडे आठ, उजवीकडे एक. ठिपके सगळ्या फळ्यावर पांगले. बरोबर शून्यावर एकही नव्हता.

“सरासरी शून्य,” मी म्हटलं. “आणि सगळ्यात लवकरचा दिवस ते सगळ्यात उशिराचा दिवस, यात एकवीस मिनिटांचं अंतर. काकांच्या साध्या आठवड्यात ते अंतर दोन मिनिटांचं असतं. सरासरी किती आहे हे तुम्ही बघितलंत, सर. पसारा किती आहे ते बघायचं राहिलं. माझी मुलगी पसाऱ्यात जगू शकत नाही.”

हे शेवटचं वाक्य मी ठरवलेलं नव्हतं. ते बोलून झालं आणि मी खडू खाली ठेवला.

नवा ड्रायव्हरच म्हणाला, “मॅडम, लवकर येणं पण वाईट असतं, हे मला कुणी सांगितलंच नाही. मला वाटलं, उशिराची भरपाई होते.” तो इतक्या सरळपणे म्हणाला की त्याच्यावर साठवलेला माझा सगळा राग जागच्या जागी विरला.

सरांनी चष्मा पुसला. “पण ताई, सात मिनिटं उशीर तो उशीरच ना? प्रार्थना बुडते मुलांची.”

“बुडते,” मी कबूल केलं. “आमच्याकडे पुडे भरणारी दोन यंत्रं आहेत, सर. एक प्रत्येक पुड्यात थोडं जास्त भरतं, पण रोज तेवढंच जास्त. दुसऱ्याची सरासरी अगदी बरोबर, पण एक पुडा हलका, एक जड. पहिल्याचा एक स्क्रू फिरवला की काम झालं. दुसरं सगळं उघडावं लागतं.”

सर फळ्यावरच्या सातच्या मनोऱ्याकडे बघत राहिले. मग ते उठले, खडू घेतला आणि मनोऱ्यापासून शून्यापर्यंत एक बाण काढला.

“म्हणजे गॅरेजचं फाटक सात मिनिटं आधी उघडलं तर…” ते म्हणाले आणि स्वतःच हसायला लागले. “काका, हे तुम्ही मला सांगितलं होतंत.”

“दोनदा,” काका दारातून म्हणाले.

सगळे हसले, सर सगळ्यात मोठ्याने. सरांबद्दल मी नंतरही बरंच बोलले आहे, पण आपली चूक फळ्यावर उभी असताना तिच्याकडे बघून हसणारी माणसं मला फार भेटलेली नाहीत, तेव्हा त्यांचेही आभार. दुसऱ्याच दिवशी फाटकाची वेळ बदलली. नव्या ड्रायव्हरला दुसरा मार्ग मिळाला आणि तो आधी आठवडाभर काकांशेजारी बसून टाकीमागे थांबायला शिकला.

गाडी आता सात चाळीसला येणार होती. माऊ मात्र अजून बूट घालत नव्हती. काकांनी निरोप पाठवला, तिला आधी काही दिवस नुसतं सात चाळीसला खिडकीत उभं करा. गाडी येईल, थांबेल, जाईल. तिने काही करायचं नाही. आम्ही तसं केलं. पहिल्या दिवशी तिने पडद्याआडून बघितलं. मग पडदा बाजूला करून. एका सकाळी मी स्वयंपाकघरात होते आणि घड्याळ बघून तिला हाक मारायला आले, तर ती आधीच खिडकीत होती आणि तिच्या पायात बूट होते. डावा उजव्यात आणि उजवा डाव्यात, पण होते.

त्यानंतर दीड वर्ष सात चाळीसला गाडी आली. मुलांनी उशीरकाका हे नाव सोडलं नाही. नवीन आलेल्या पालकांना वाटायचं, चेष्टेने म्हणत असतील. माऊ रोज चढायची, खिडकीजवळच्या तिच्या जागेवर बसायची आणि मी कामावर जायची. एखाद्या घरात हे काय सांगण्यासारखं आहे? आमच्या घरात होतं. संध्याकाळी नवरा विचारायचा, “सकाळ कशी गेली?” आणि मी म्हणायची, “गेली.” एवढं म्हणता येण्याचं सुख काय असतं ते आम्हालाच ठाऊक.

आणि मग एका सकाळी सात चाळीस झाले आणि गाडी आली नाही.

पंचेचाळीस झाले. पन्नास झाले. काका गाडी चालवताना फोन डब्यात बंद ठेवतात, त्यामुळे फोन करण्यात अर्थ नव्हता, तरी मी चारदा केला. शाळेत कुणी फोन उचलेना. बाकीच्या आया रिक्षा थांबवून मुलांना घेऊन गेल्या. माझ्या डोळ्यांपुढे पलंग उभा राहिला, त्याच्याखाली माऊ, आणि वर्गशिक्षिकेचा हळू आवाज. दीड वर्षाची कमाई माझ्या समोर फाटकाशी उभी होती आणि मी तिच्या हातांकडे बघत होते, ते कानांवर कधी जातात म्हणून.

हात वर गेले. तिने दप्तराचे पट्टे खांद्यांवरून काढले. दप्तर पायरीवर ठेवलं, शेजारी बसली, आणि रस्त्याकडे बघू लागली.

“माऊ, आपण घरी जाऊ या का?”

“काका येतात.”

“हो, पण आज कदाचित…”

“काका येतात,” ती पुन्हा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. सकाळी उजेड होतो हे एखाद्याने मठ्ठ माणसाला समजावावं तसं ती मला समजावत होती. मी तिच्या शेजारी पायरीवर बसले.

गाडी आली तेव्हा सव्वाआठ वाजून गेले होते. पुलावर ट्रक आडवा झाला होता आणि मागे पुढे कुठेच हलता येत नव्हतं. आमच्या फाटकाशी गाडी थांबवून काका कधीच खाली उतरत नसत. त्या दिवशी ते उतरले. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, चेहरा पांढराफटक. ते सरळ माऊपुढे आले आणि वाकले.

“माऊ, आज मला उशीर झाला.”

तिने त्यांच्याकडे नीट बघितलं.

“हो,” ती म्हणाली, आणि दप्तर उचलून गाडीत चढली.

काका आपल्या जागेवर जाऊन बसले. मी त्यांच्या खिडकीशी गेले. इतक्या दिवसांचे आभार मनात तयार होते, सगळे एकदम तोंडाशी आले आणि तिथेच अडकले.

“काका, ती थांबली हो,” मी म्हटलं.

त्यांनी दुमडलेल्या बाहीने डोळे पुसले, आरशातून एकदा मागे बघितलं, माऊने सीटचा पट्टा लावलाय याची खात्री केली आणि गाडी सुरू केली.